मावळतीची सून

माझ्या झोपेला सासरी सगळ्यांनी नावं ठेवली, म्हणून तिचं कौतुक मीच लिहिते.

माझं माहेर वडवणीकडचं. वडील पिकाच्या राखणीला रात्री शेतात असायचे आणि उन्हं अंगणात आल्यावर उठायचे. मी त्यांच्यावरच गेले. सकाळी माझं डोकं जड असतं, दुपारनंतर हलकं होतं, आणि दिवे लागले की मी खरी जागी होते. माहेरी यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लग्न होऊन चौसाळ्याच्या बाजूला पाटलाच्या घरात आले, तिथे मात्र तो गुन्हा ठरला.

त्या घरात रोजचं पीठ रोज दळायचं, तेही पहाटे अंधारात. शिळं पीठ चालायचं नाही आणि दिवेलागणीनंतर जात्याला हात लावायचा नाही. थोरली जाऊ कोंबड्याच्या आधी उठायची, तीही हसतमुखानं! मला सासूबाई गदागदा हलवून उठवायच्या. जात्याचा खुंटा धरून मी डुलक्या घ्यायचे, दिवसभर भाकरी करपवायचे, आणि कुणी साधं "मीठ जास्त झालं" म्हटलं तरी घळाघळा रडायचे. "लई हळवी हाय पोर," असं सगळे म्हणायचे. हळवी कसली! झोपमोड झालेलं माणूस होते मी. शेवटी सासूबाईंनी बाजाराला जाणाऱ्या एकाबरोबर माझ्या भावाला निरोप धाडला, "तुमची बहीण घेऊन जावा. आमच्याच्यानं न्हाई निभत." परत पाठवलेल्या मुलीचे पुढे काय हाल होतात, ते मी माहेरच्या गल्लीत पाहिलं होतं.

भाऊ यायच्या आदल्या दिवशी, दिवस मावळताना, सरकारी अंमलदाराचा दौरा गावात येऊन थडकला. निजामाच्या राज्यात दौरा आला की घोड्यांची वैरण आणि माणसांचं जेवण पाटलाच्या घरून. एरवी आधी वर्दी यायची, या खेपेला आली नाही. बाहेर ओट्यावर अंमलदार, कारकून, शिपाई दाटीनं बसलेले, आणि आत पिठाचं मडकं रिकामं. पहाटेपासून राबलेली जाऊ चुलीपुढे रडायलाच लागली. "घराची अब्रू गेली," एवढंच सासूबाई पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

मी मात्र टक्क जागी होते. भीती कशी ती वाटलीच नाही. पदर खोचला, ज्वारीची पाटी ओढली आणि जात्यापुढे बसले.

"अगं, दिवा लागलाय!" सासूबाई ओरडल्या.

"आत्याबाई, शिव्या सकाळी द्या. आता ज्वारी घाला."

त्या समोर बसल्या आणि जात्यात मुठीमुठीनं ज्वारी घालू लागल्या. जावेला मी आमटीला लावलं. थोड्या वेळानं तिचे डोळे मिटायला लागले, तशा भाकऱ्याही मीच थापल्या. एकही करपली नाही. शेवटचा शिपाई ढेकर देऊन उठला तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या आणि मी भांडी घासत गात होते. हो, गात होते!

पहाटे मला कुणी उठवलं नाही. पुढचं सगळं जावेनं सांगितलं. ऊन वर आल्यावर भाऊ गाडी घेऊन आला आणि दारातूनच त्यानं मला मोठ्यानं हाक मारली. सासूबाई ओठांवर बोट ठेवून लगबगीनं बाहेर गेल्या.

"दमानं बोला, पाव्हणं. माझी सून निजलीय."

भाऊ रात्रीची उरलेली भाकरी खाऊन रिकामी गाडी घेऊन परत गेला. माझ्या संसाराचा निकाल लागला, तेव्हा मी गाढ झोपेत होते.