मॉर्फोच्या पंखावर नीळ

पंख हिरवा पडला तेव्हा ब्रश माझ्याच हातात होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती.

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी झूऑलॉजी लॅबचा असिस्टंट. आमच्या कपाटात, काचेच्या पेटीत, एक मॉर्फो आहे. दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलातलं तळहाताएवढं, निळंशार चमकणारं फुलपाखरू. उमापूरचे एक डॉक्टर आमचे जुने विद्यार्थी. दक्षिण अमेरिकेत नोकरीला होते, त्यांनी ते आणून कॉलेजला दिलं. पुढे ते वारले. तेव्हापासून त्यांची धाकटी बहीण कौसल्याबाई दर पुण्यतिथीला एसटीनं येतात, पेटीसमोर पाच मिनिटं उभ्या राहतात आणि परत जातात. भावाची एवढीच वस्तू त्यांना बघायला उरली आहे. त्या दिवशी बाई यायच्या होत्या.

सकाळी पेटी उघडून बघतो तर पंखावर बुरशी, पिठासारखी. बुरशीवर आमचा इलाज एकच, स्पिरिट. ब्रशच्या टोकानं हलकं पुसायचं असतं. मला घाई, मी अख्खा पंख भिजवला. बघता बघता निळ्याचा शेवाळी हिरवा झाला.

पेटी खिडकीशी नेली, परत टेबलावर आणली, पुन्हा खिडकीशी नेली. हिरवाच. गाडी यायला दहा मिनिटं होती.

शिपाई भानुदास दारातून बघत होता. "काय झालं, सर?"

"रंग गेला."

"कावून?"

"स्पिरिटनं धुतला मी."

त्यानं वाकून पाहिलं. "बाई रडतीन बघा. नीळ लावायची का? माझ्या ड्रेसला लावतो ती हाय कपाटात."

तीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसानं यावर हसायला हवं होतं. मी म्हणालो, "आण."

बशीत नीळ कालवली. पंखाच्या कोपऱ्याला एक ठिपका टेकवला.

"थांबा सर," भानुदास म्हणाला. "वरून निळं व्हायलंय."

स्पिरिट वाळत होतं, आणि वाळेल तिथं निळा परत येत होता. मग आठवलं, आणि स्वतःचाच राग आला. मॉर्फोच्या पंखात निळा रंग नसतोच. खवल्यांवर अतिबारीक रेघांचे थर असतात, त्यांवरून उजेड असा परततो की निळं दिसतं. फटींत स्पिरिट शिरलं की हिरवं. उडून गेलं की पुन्हा निळं. हे मीच दरवर्षी मुलांना सांगतो.

पंख होता तसा झाला. ठिपका सोडून.

कौसल्याबाई आल्या, चपला दाराबाहेर काढल्या, पेटीसमोर उभ्या राहिल्या. मग मान तिरकी केली. तिरकं पाहिलं की मॉर्फो काळपट दिसतो. ठिपका मात्र निळाच राहिला.

"सर, ह्यो ठिपका कशाचा? मागल्या साली नव्हता."

बुरशीचा, म्हणालो असतो तर भागलं असतं. पण जीभ रेटेना. सगळं सांगितलं, निळीसकट. मान वर करायची लाज वाटत होती.

"दादा कालेजात होता तवा त्याच्या सदऱ्याला मीच नीळ द्यायची," त्या म्हणाल्या. "लई झाली की असेच ठिपके पडायचे. मंग वरडायचा माझ्यावर."

इतक्या वर्षांत त्या पेटीसमोर पहिल्यांदा हसल्या.

"पुसू नका, सर."

पुसला नाही. भानुदासची नीळ तेवढी लॅबच्या कपाटातून हलवली. अख्ख्या पंखावर खरा निळा रंग त्या ठिपक्यापुरताच आहे, हे मी मुलांना दाखवतो. तो कुणी लावला, ते अजून सांगितलेलं नाही.