सगळ्यात खालचं बटण

तात्या गेल्याचं मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं, वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये, शेजारच्यांच्या फोनवर. "दादा, तात्या गेले," एवढंच त्यांची मुलगी सुनीता म्हणाली. मला रडू आलं नाही, आधी स्वतःचा संताप आला. त्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, आणि ती सांगायला माझ्याकडे चांगली दोन वर्षं होती.

तात्या माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. जळोचीतल्या एका खाजगी माती तपासणी प्रयोगशाळेत ते नोंदणीचं काम बघायचे. शेतकरी फडक्यात माती बांधून आणायचे, तात्या पुरचुंडीला चिठ्ठी बांधून रजिस्टरात नोंद करायचे. त्यांच्या हातून चूक झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांना माझं नाव त्यांनीच सुचवलं. मी नुकताच कोर्स करून आलेला, डोकं हवेत. स्क्रीनवर एकाखाली एक चौकटी लावल्या... नाव, गाव, गट नंबर, पीक, पाणी, अशा अकरा. आणि सगळ्यात खाली 'सेव्ह'चं बटण. सगळ्या एका मापाच्या, डावी कड दोरी धरल्यासारखी सरळ. माझ्या मशीनवर ती उभी रांग फार देखणी दिसायची.

"रजिस्टरागत आडवं का न्हाय करत?" तात्यांनी विचारलं होतं. मी हसून विषय बदलला.

पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. शेतकरी अहवाल न्यायला यायचे आणि मशीनमध्ये त्यांचं नावच नसायचं. तात्यांनी मला फोन केला. मी म्हणालो, "तात्या, सगळं भरून झालं की खालचं बटण दाबायचं."

"खाली काय न्हाय रं."

"आहे तात्या. सगळ्यात खाली बघा. चष्म्याचा नंबर वाढला असेल, तपासून घ्या."

इतक्या तोऱ्यात बोललो मी! आणि तात्या खरंच बारामतीला जाऊन नवा चष्मा करून आले. तरीही बटण दिसेना. शेवटच्या चौकटीत एंटर मारलं की कर्सर पुन्हा पहिल्या चौकटीत जायचा. त्यांना वाटायचं, नोंद झाली. मग त्यावरच पुढच्या शेतकऱ्याचं नाव लिहायचे. महिन्याभरात साहेबांनी त्यांना टेबलावरून उठवून मागच्या खोलीत माती चाळायला बसवलं. "वय झालं तुमचं," असं चारचौघांत म्हणाले.

चारच दिवसांनी प्रिंटर जोडायला गेलो. टेबलावर अजून दुसरं कुणी बसवलं नव्हतं, मी पहिल्यांदाच त्यांच्या खुर्चीत बसलो. स्क्रीन माझ्या मशीनच्या स्क्रीनपेक्षा लहान. दहावी चौकट, अकरावी चौकट, आणि तिथे काच संपत होती. बटण काचेच्या खाली, कुणालाच न दिसणारं. चौकटी दोन रांगांत मांडल्या, बटण वर घेतलं. दहा मिनिटांचं काम. साहेबांना म्हणालो, "थोडी सुधारणा केली." तात्या हातावरची माती झटकत दारात उभे होते. "सापडलं का बटण?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आता वर घेतलंय." "बरं केलंस," म्हणाले आणि परत चाळायला गेले. त्यांना टेबलावर कुणी बोलावलं नाही. मीही शब्द टाकला नाही. लाज वाटत होती, एवढंच खरं.

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. सुनीतानं कपाटातून चष्म्याची डबी काढून माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडंच असू द्या, दादा. ह्यानं त्यांचं डोकं दुखायचं, तरी लावायचे. म्हणायचे, प्रशांत सांगतोय म्हंजी आपलंच डोळं गेलं असतील."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. स्क्रीन लहान होती, बटण दिसतच नव्हतं, तात्यांचे डोळे चांगले होते.

 ती म्हणाली, "त्यांना ठावं होतं का हे?"

"नाही."

तिनं माझ्या हातातून डबी काढून घेतली आणि परत कपाटात ठेवली.