गप्प केलेली भट्टी

एर्हार्ड झिटेल हा फिटर जन्माचा खटपट्या. रेल्वेच्या बॉयलरांवर त्यानं सव्वीस वर्षं काढलेली. कुठं फुसफुस ऐकू आली की याच्या हाताला खाज सुटलीच. असल्या माणसाला ऱ्हाईनकाठच्या नव्या अमोनियाच्या कारखान्यात नेमलं, ही चूक त्याची की नेमणाऱ्याची, मला आजही सांगता येत नाही.

तिथं हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन तापलेल्या पोलादी भट्टीत प्रचंड दाबाखाली कोंडत. तीन नंबरच्या भट्टीला बाहेरून बारीक भोकं होती आणि त्यांतून वायू सतत फुसफुसायचा. शनिवारी फोरमनची पाठ वळताच झिटेलनं कुणाला न विचारता नऊच्या नऊ भोकांत तांब्याच्या खुंट्या ठोकल्या आणि खूश होऊन घरी गेला.

रविवारी चर्च सुटल्यावर गुत्त्यात त्यानं भट्टीवाल्या ओलिंगरला टोमणा मारला, "एवढाले शिकलेले इंजिनियर, आणि भट्टीला चाळणीसारखी भोकं!"

ओलिंगर खो खो हसला. "अरे बॉयलरवाल्या, ती मुद्दाम पाडलीत! हायड्रोजन भारी चोरटा. भट्टीला आतून लोखंडाचं अस्तर आहे ना, त्यातून पाझरतो. बाहेर जायला वाट नसली, तर बाहेरच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. मग कधी फुटेल, नेम नाही."

झिटेलच्या तोंडचं पाणी पळालं. पेला अर्धा टाकून तो निघाला. घरी आला, बसला, उठला, खिडकीशी गेला, पुन्हा बसला. आत्ता सांगावं तर सव्वीस वर्षांचं नाव मातीत जाणार. उद्या पहाटे गुपचूप खुंट्या काढल्या तर कुणाला कळणार? एका दिवसात काय होतंय! असं दहादा म्हटलं तरी कारखान्याच्या दिशेला लागलेले कान काही हटेनात.

"बाबा, सूप निवतंय," लेक वालबुर्गा म्हणाली. समोर बटाट्याचं सूप आणि आलुबुखाराचा केक तसाच पडलेला.

"जावईबापू कुठायत?"

"पाळीवर. त्यांच्या दोस्ताच्या घरी बारसं आहे ना, म्हणून त्याच्या जागी गेलेत. तुमच्या तीन नंबरवरच."

चमचा खाली पडला. झिटेल चर्चच्या कोटातच धावत सुटला. वाटेत दोनदा ठेचकाळला, पण थांबला नाही.

फोरमन ओटसमोर त्यानं धापा टाकत सगळं कबूल केलं. ओटनं आधी दाब उतरवला, माणसं लांब नेली. "ठोकल्यास तू, काढायच्याही तूच." झिटेलनं एकेक खुंटी उपटली. नववी निघाल्यावर तो मटकन खाली बसला. जावई वालेंटीननं धावत येऊन हात दिला, उभं केलं. "सुटलो, मामा!"

पाळीवरची बाकीची अकरा माणसं भोवती जमली. ओटनं झिटेलकडे रोखून पाहिलं.

"खरं सांग. वालेंटीन आज इथं नसता, तर कधी आला असतास?"

झिटेलनं त्या अकरा चेहऱ्यांकडे पाहिलं. निदान आता तरी खोटं बोलवेना.

"उद्या," तो म्हणाला.

वालेंटीननं धरलेला हात सोडला आणि तो त्या अकरा जणांत जाऊन उभा राहिला.