उशीतली भाकरी

नाथाजीरावांशी कुणी वाद घालायला गेलं की ते एकच विचारायचे, "तू बसऱ्याला गेलतास का?" झालं, समोरचा माणूस गप. पहिल्या जर्मन लढाईत ते इराकातल्या बसऱ्याकडं लढून आलेले, तेव्हा लढाईवर त्यांनी बोलावं हे ठीक. पण आमटीत मीठ कमी की जास्त, म्हैस आज आटंल की उद्या, त्यालाही बसराच! त्यांची बायको मनुबाई या बसऱ्याला पार कावली होती.

संध्याकाळी पारावर बसून ते पोरांना बसरा सांगायचे. खजुराची झाडं, गोऱ्या साहेबाची वाऱ्यानं उडालेली टोपी, उंटानं चघळलेला हवालदाराचा पटका. पोरं हसून लोळायची. वेढ्यात अडकले, दाणा संपला, घोडी कापून खायची पाळी आली, ते मात्र पारावर कधी आलं नाही. मनुबाईला ते ठाऊक होतं, पण तेही झोपेतल्या बडबडीवरून आणि उशीवरून. धुवायला म्हणून उशी उसवली की आतून भाकरीचे वाळके तुकडे निघायचे. इतकी वर्षं झाली, घरात जोंधळ्याची कणगी भरलेली, आणि हा माणूस ताटातली चतकोर उचलून उशीत कोंबायचा. विचारलं की तोंडाला कुलूप.

दुसरी लढाई पेटली. थोरला लेक लालासाहेब आधीच पलटणीत गेलेला. वाईच्या बाजारात भरतीवाले आल्याचं कळलं, तसा धाकटा गुंडाही छाती फुगवून निघाला.

"एक दिलाय, लय झालं," मनुबाई म्हणाली. "लढाई चांगली न्हाई, गुंडा."

"आये, तुला काय ठावं? तू बसऱ्याला गेलतीस का?"

बापाचं बोलणं लेकाच्या तोंडून! मनुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं टराटरा उशी उसवली, तुकडे पदरात घेतले आणि जिथं बायका फिरकत नसत त्या पारावर, भर गड्यांत जाऊन उभी राहिली. मागोमाग गुंडा.

"आवं, पोराला खजूर लय सांगितलासा. आता ह्ये सांगा." तिनं पदर पसरला.

गडी हसले. शेजारचा ज्योतिबा म्हणाला, "वयनी, तुमी कवा गेलतासा बसऱ्याला?"

"मी कशाला जातीया? बसराच माज्या घरात ऱ्हायला आलाय!"

हसू थांबलं. गुंडानं बापाकडं बघितलं. "आबा, काय वो ह्ये?"

नाथाजीरावांनी तुकड्यांकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला. मनुबाईला वाटलं, आता बोलणार. एक शब्द पुरे होता.

"उंदरं नेत्यात उशीत," ते म्हणाले.

केवढा हशा पिकला! घरी येऊन तिनं निजेपर्यंत भांडी आदळली. पण भांड्यांचं कोण ऐकतंय? ज्यानं बघितलं तो सांगत नाही, जी सांगते तिनं बघितलं नाही. मग पोरानं ऐकायचं तरी कुणाचं?

गुंडा भरतीत पास झाला. निघायच्या सकाळी तिघं मोटारीच्या थांब्यावर आले. मोटार सुटायच्या आत नाथाजीरावांनी कोटाच्या खिशातून रुमालाची गाठ काढून लेकाच्या हातात कोंबली. गुंडानं सोडून बघितलं. वाळक्या भाकरीचे तुकडे.

"आबा, ह्ये तर उंदरांचं!"

"असू दे. लागत्यात."

गुंडाचा चेहरा उतरला. काही विचारायला त्यानं तोंड उघडलं, तोवर मोटार हलली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

"आत्ता दिलंसा व्हय!" मनुबाई कडाडली. "पारावर त्वांड शिवलं हुतं? तवाच म्हनला असतासा तर पोरगं ऱ्हायलं असतं!"

"तू बसऱ्याला..." नाथाजीराव सवयीनं म्हणाले, आणि अडले.

ती वाट बघत उभी राहिली. शेवटी तीच निघाली, नवऱ्याच्या पुढं, तरातरा. घरी उसवलेली उशी तशीच पडली होती. ती शिवायला तिनं सुई काही हातात घेतली नाही.