गाळाच्या नळीचं वरचं टोक

नागपूरहून मी न्यू जर्सीला आलो तेव्हा विमानतळावर डॉ. सुमती गायधनी स्वतः घ्यायला आल्या होत्या. गाडीत बसताच त्यांनी विचारलं, "जेवलास का?" आणि लगेच, "तुझ्या प्रबंधातला तिसरा आलेख चुकलाय, माहीत आहे?" पुढे कळलं, मॅडम ज्याची काळजी करतात त्यालाच असं विचारतात.

तळ्यांच्या तळाचा गाळ लांब नळीत काढायचा आणि त्याच्या थरांवरून जुन्या दुष्काळांचा काळ ठरवायचा, हे मॅडमचं काम. कुठल्याही परिषदेआधी वेस्ट विंडसरच्या त्यांच्या घरी तालीम होई. एकाने विरोधक व्हायचं. त्याचे प्रश्न संपेपर्यंत पिठलं-भात कोणाच्या पानात पडत नसे.

२००३च्या उन्हाळ्यात उत्तर इटलीत, डोंगरांनी वेढलेल्या एका तळ्याकाठी आमच्या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद होती. तिथे मॅडमचा विद्यार्थी प्रशांत निबंध वाचणार होता. त्याची फेलोशिप संपत आली होती. एक जर्मन प्राध्यापक त्याचं काम ऐकून त्याला जागा देणार होते. ती हुकली तर व्हिसा संपून घरी परतणं आलं.

तालमीत विरोधक मी होतो. विचारायचं म्हणून विचारलं, "हे नळीचं वरचं टोक कशावरून?"

"यार, बाण काढलाय ना."

"कोणी काढला?"

मॅडमनी हातातला पिठल्याचा डाव खाली ठेवला. "मी. लॅबमध्ये आल्यावर."

वरचं टोक दाखवणारा बाण नळी पाण्याबाहेर येताक्षणी काढायचा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. नळी उलटी असेल तर सगळा काळच उलटा. शिवाय मॅडमचा स्वतःचा गाजलेला लेख त्याच नळीवर उभा होता.

"मी कॅन्सल करतो," प्रशांत म्हणाला.

"तिकीट काढलंय, जायचं." मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "हा मोजेल."

अणुचाचण्यांची धूळ फक्त वरच्या, अलीकडच्या थरांत सापडते. दोन्ही टोकांचा गाळ यंत्रात ठेवून मी मागे थांबलो; मॅडम आणि प्रशांत इटलीला गेले. निकाल आला तेव्हा आमच्याकडे सकाळ होती, तिकडे दुपारची जेवणं आटोपत होती आणि प्रशांतची पाळी त्यानंतर लगेच होती. मी मॅडमना फोन केला.

"नळी उलटी होती."

पलीकडे काट्याचमच्यांचे आवाज येत राहिले.

"दोनदा पाहिलंस?"

"हो."

"बरं. आता काहीतरी खा."

पुढचं मला प्रशांतने सांगितलं. त्याच्या आधी मॅडम व्यासपीठावर गेल्या. चूक माझी आहे, माझा छापलेला लेख मी मागे घेते आहे, एवढं सांगून त्या खाली आल्या. प्रशांतचा निबंध दोन नळ्यांवर होता; उरलेल्या एकीवर त्याने अर्धाच वाचला. जागा त्याला मिळाली नाही.

परतल्यावर मॅडमनी त्याला स्वतःच्या प्रकल्पावर घेतलं. ती उलटी नळी मिनेसोटातल्या ज्या तळ्यातून आली होती, तिथेच हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर, सुजलेला गुडघा बांधून, त्या त्याच्याबरोबर नवी नळी काढायला उभ्या राहिल्या. त्या कामाच्या लेखावर त्यांनी एकट्या प्रशांतचं नाव घातलं. त्याच लेखावर त्याला मिनेसोटातच, ईडन प्रेरीजवळच्या कॉलेजात नोकरी लागली. आज तो तिथेच शिकवतो.

यंदा मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. आम्हाला त्यांचा धाक अजून पुष्कळ वर्षं हवा आहे. त्यांच्या गुडघ्यांनी आणि नजरेने शंभरीपर्यंत त्यांना अशीच साथ द्यावी.