उडत्या पाखराची पिसं

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात अमिरुन्निसाचाची तीस वर्षांपासून बांगड्या भरतात. गिऱ्हाईक समोर येऊन बसायच्या आतच त्यांनी नेमक्या मापाच्या बांगड्या काढून ठेवलेल्या असतात. "चाची उडत्या पाखराची पिसं मोजते," असं बाया कौतुकानं म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी इंझोरीची भुरीबाई आपल्या सुनेला, उज्ज्वलाला, घेऊन आली. बांगडी चढवताना तडकली आणि काच हातात रुतली. रक्त आलं, पण उज्ज्वला समोरच्या साड्या बघत हसतच होती.

चाचींनी रक्त पुसलं. जखमेभोवती फिकट चट्टा दिसला.

"दुखलं नाही तुले?"

"काय दुखलं?"

चाचींनी तिला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावरून ओढणीचं टोक फिरवलं. तिला कळलंच नाही. दुसऱ्या हाताला मात्र टोक लागताच तिनं हात झटकला.

"भुरीबाई, इले दवाखान्यात ने. हा चट्टा सुन्न हाय."

भुरीबाईचा चेहरा उतरला. रोगाचं नाव दोघींनीही घेतलं नाही. "पाखराची पिसं मोजतं म्हून आता माह्या घरातलंबी मोजतं काय?" असं म्हणत ती सुनेला ओढतच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी चाची जीपनं इंझोरीला पोचल्या. भुरीबाईनं दार लावून घेतलं. चाची पुन्हा गेल्या, पुन्हा परत आल्या. चौथ्या खेपेला उज्ज्वलाच बाहेर आली. "चाची, काल हात भाजला. फोड आल्यावर समजलं मले."

"चाल मग."

"गावात बोभाटा होईन!" आतून भुरीबाई ओरडली.

"बोटं वाकडी झाल्यावर होईनच. आता गोळ्या घेतल्या तं बरी होते."

उज्ज्वलानं चप्पल पायात सरकवली.

आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाचं निदान झालं. गोळ्या फुकट मिळाल्या, सहा महिन्यांच्या. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि भुरीबाईच्या पाठीवरही दोन चट्टे निघाले. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी उज्ज्वला गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन तिच्यापाशी बसली.

"घ्या, आत्याबाई. तुमी गोळी घेतल्याशिवाय मी उठत नाही."

दोघींनी एकही दिवस न चुकवता औषध पुरं केलं. उज्ज्वलाच्या चट्ट्यात थोडी बधिरता उरली आहे, पण बोटं सरळ राहिली. यंदा विळा घट्ट धरून तिनं सासूच्या बरोबरीनं सोयाबीन सोंगलं.