घोट्यातले विरघळणारे स्क्रू

माझा उजवा घोटा मोडला तो खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात. गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते आणि कुणीतरी फिनेलच्या पाण्याने जिना पुसून तसाच ओला ठेवला होता. दहा-बारा वर्षं झाली, पण तो जिना कुणी पुसला हे अजून कुणी कबूल केलेलं नाही आणि माझा रागही गेलेला नाही.

पनवेलच्या एका छोट्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की घोट्याच्या आतल्या बाजूचं हाड तुटलंय, ऑपरेशन करून स्क्रू बसवावे लागतील. मी घाबरले. पण भीती त्या ऑपरेशनची नव्हती, त्यानंतरच्या दुसऱ्याची होती. माझा नवरा बंदरात नोकरीला. काही वर्षांपूर्वी त्याच्या नडगीत स्टीलची पट्टी घातली होती. पट्टी घालताना सगळं नीट झालं, काढताना मात्र जखम चिघळली. महिनोन् महिने मी त्याचं ड्रेसिंग करत होते. तेव्हाच मी कानाला खडा लावला होता, की आपल्या घरात आता कुणाचं काही काढण्यासाठी पुन्हा कापायचं नाही.

मी डॉक्टरांना तसं तोंडावर सांगितलं. वयाने लहानच होते ते, पण चिडले नाहीत.

"ताई, विरघळणारे स्क्रू असतात," ते म्हणाले. "आतल्या टाक्यांचा धागा विरघळतो ना, तसेच. काढावे लागत नाहीत."

"आणि हाड जुळायच्या आधीच विरघळले तर?"

"नाही विरघळत. हाड जुळेपर्यंत ते घट्ट धरून ठेवतात. मग त्यांची ताकद हळूहळू कमी होते आणि तेवढा भार हाड उचलायला लागतं. आधी ताकद जाते, स्क्रू दिसेनासा व्हायला त्यानंतर दोन-तीन वर्षं लागतात. मात्र स्टीलइतके ते दणकट नसतात. म्हणून मी सांगेपर्यंत पाय टेकायचा नाही."

"आणि विरघळून त्यांचं होतं काय?"

"पाणी, आणि आपण श्वासातून सोडतो तो वायू."

मला हे फार आवडलं. एवढं महागाचं सामान, आणि शेवटी मी ते फुंकरीने उडवून लावणार. मी तिथल्या तिथे होकार दिला.

ऑपरेशन नीट झालं. खरी गंमत घरी आल्यावर सुरू झाली. माझे सासरे उरणकडच्या मिठागरात आयुष्यभर राबलेले. मिठागर गेलं, सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते आमच्याकडेच राहायचे. माझा पाय प्लास्टरमध्ये अडकल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. स्वयंपाक त्यांना उत्तम येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्यातला त्यांनी एकच शब्द उचलला होता, तो म्हणजे 'विरघळणारे'. आणि विरघळणाऱ्या वस्तूशी कसं वागायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"पोरी, मिठाची रास उघडी राहिली तं एक सर पुरते," ते मला म्हणाले. "तुज्या पायात तं दोनच इस्क्रू हायेत."

भर पावसाळा होता. त्यांनी माझ्या प्लास्टरवर आधी पिशवी, पिशवीवर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर सुतळी असा बंदोबस्त केला. खिडकी बंद. पायाजवळ ओला टॉवेलसुद्धा आणायचा नाही. मग आंबट बंद झालं. चिंचेने तांब्याची भांडी लख्ख निघतात, तिथे हे स्क्रू काय टिकणार, असा त्यांचा हिशेब. माझं माहेर समुद्रकाठच्या करंजा गावचं. आंबटाशिवाय कालवण म्हणजे माझ्या लेखी आजाऱ्याचं जेवण. माहेरून सुके बोंबील आले, त्यांचंही त्यांनी कोकम न घालता कालवण केलं आणि माझ्यासमोर ताट ठेवून मी संपवेपर्यंत उभे राहिले.

मी हसायचे, त्यांना चिडवायचे. पण ताटातलं संपवायचे, आणि चोरून लोणचं काही खायचे नाही. न जाणो, असं मलाही वाटायचंच. नवरा एरवी माझ्या बाजूने दोन शब्द बोलतो, पण तोही मान खाली घालून जेवायचा.

प्लास्टर निघालं आणि डॉक्टर म्हणाले, आता वॉकर घेऊन थोडा थोडा भार टाका. घरी आल्यावर मी उभी राहिले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि घोट्यातून 'कट्' असा आवाज आला. फार दुखलं नाही. पण आवाज तिघांनीही ऐकला.

"बस," सासरे म्हणाले. "खाली बस. गेला त्यो."

मी बसले ती बसलेच. डॉक्टरांकडे जाऊ असं कुणीच म्हणेना. गेलं की ते तपासणार, तपासलं की पुन्हा उघडायचं म्हणणार, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. मग रोज उद्यावर ढकलायचं. पाय खुर्चीवर ठेवून मी दिवसचे दिवस काढले. पोटरी दुधीभोपळ्याची पडवळ झाली. संध्याकाळी घोटा सुजायचा. सूज बघितली की सासरे तोंड फिरवून स्वयंपाकघरात जायचे.

शेवटी नवऱ्यानेच मला रिक्षात घातलं आणि एक्स-रे काढून आणला. घरी येऊन त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला. त्याच्या स्वतःच्या एक्स-रेत ती पट्टी आणि तिचे स्क्रू लख्ख पांढरे दिसायचे, आम्हाला ते पाठ होतं. माझ्या एक्स-रेत स्क्रू नव्हतेच. एकही नाही. त्याने फिल्म उलटी धरली, आडवी धरली.

"आता स्टील घालावं लागणार," तो हळूच म्हणाला.

मी त्याच्यावर खेकसले. त्याने फिल्म पाकिटात घातली, आणि मला रडूच आलं. पुन्हा कापणं, पुन्हा ती पट्टी, पुन्हा ती काढणं. जे टाळायला एवढा खटाटोप केला, तेच आता दोनदा होणार होतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला ड्यूटी होती, म्हणून सासरे माझ्याबरोबर हॉस्पिटलात आले. मी डॉक्टरांच्या टेबलावर फिल्म ठेवली आणि म्हटलं, "स्क्रू विरघळून गेले."

त्यांनी फिल्म दिव्यावर लावली आणि हसायला लागले. मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं.

"ताई, हे स्क्रू एक्स-रेत दिसतच नाहीत. पहिल्या दिवसापासून दिसत नव्हते. या दोन फिकट रेघा दिसतात ना, ती त्यांची भोकं. स्क्रू आत आहेत अजून." मग त्यांनी पेन जरा बाजूला सरकवलं. "आणि इथे तुमचं हाड तुटलं होतं. शोधा बघू कुठे."

मी शोधलं. सापडलं नाही. सासऱ्यांनी चष्मा काढून शोधलं, त्यांनाही सापडलं नाही.

"जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "केव्हाच जुळलंय. कट् वाजली ती शीर असणार, प्लास्टरमध्ये आखडलेली. सूज पाय न हलवता बसल्याची. स्क्रू आता काम सोडायच्या बेतात आहेत आणि तुम्ही हाडाला कामच देत नाही. भार पडला नाही तर ते मजबूत कसं होणार?"

"पुन्हा उघडावं लागणार नाही ना?" मी विचारलं. मग खात्री करायला परत एकदा विचारलं.

"कशाला उघडायचं? उभ्या राहा."

मी उभी राहिले. टाच टेकवली, मग सगळा पाय. थरथरला, पण टिकला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी त्या लहानशा खोलीत हुंदके देऊन रडले. इतकं हलकं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं आहे.

सासऱ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग डॉक्टरांना म्हणाले, "मिठागराची जमीन पन तुडवल्याबिगर घट्ट होत नाय. आमी पायानंच तुडवायचो." जणू पहिल्यापासून ते हेच सांगत होते आणि आम्हीच ऐकत नव्हतो. त्या दिवशी त्यांना सगळं माफ होतं.

डॉक्टरांनी वॉकर धरून रिक्षापर्यंत चालत जायला सांगितलं. तेव्हा लक्षात आलं की मी घरून एकच चप्पल घालून आले होते, डाव्या पायातली. उजवीची गरजच पडत नव्हती कित्येक दिवस. बाहेर तर चिखल होता.

सासऱ्यांनी आपली उजवी चप्पल काढली आणि खाली वाकून माझ्या पायापुढे सरकवली. सासऱ्याने सुनेच्या पायाशी वाकायचं, हे मला सहन होईना. मी म्हटलं, "बाबा, तुमचा पाय भिजेल."

"भिजू दे. माजा काय इरघळतोय?" ते म्हणाले. "तू टाक पाय. पुरा टाक."

मी पुरा टाकला. चप्पल मला फार मोठी होती. आम्ही दोघं एकेक पाऊल टाकत चिखलातून रिक्षापर्यंत गेलो, आणि सबंध वाटेत त्यांनी मला एकदाही सांभाळ म्हटलं नाही.